कळसूबाईच्या माथ्यावर आत्याने धरलेला हट्ट

मला विषमज्वर झाला तेव्हा आत्याने कळसूबाईला नवस बोलला आणि मी बरा होताच तो फेडायला मलाच बरोबर घेतलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन कल्याणला माहेरी परतलेली. आई गेल्यापासून केर-भांड्यांसकट सगळं घर तिच्याच अंगावर.

आगगाडीने निघालो. शहाडचा पूल येताच आत्याने उल्हास नदीला हात जोडले आणि पुढे घाटातल्या प्रत्येक बोगद्यालाही. इगतपुरीहून बारी गावापर्यंत बैलगाडी केली. वाचकहो, भाडं बसण्याआधी ठरवा आणि खाली पेंढा भरपूर मागा. माझी पाठ अजून कुरकुरते.

सकाळी वाटाड्या कोंडाजीबरोबर चढू लागलो. आपल्या महाराष्ट्रात कळसूबाईहून उंच शिखर नाही. नव्या बुटांत मी धापा टाकत होतो आणि आत्या अनवाणी पुढे. वाटेत पाण्याजवळ तिने पिठलं-भात रांधला. जेवून आडवा होत मी सवयीने म्हणालो, "आत्या, तेवढी भांडी घासून टाक."

कोंडाजीने कानाला हात लावले. "मालक, ह्या जागी बाईमान्साला आसं सांगत न्हाईत!"

कळसू, म्हणजे हीच देवी, एका पाटलाकडे कामाला होती, कोंडाजीने सांगितलं. केर आणि भांडी सोडून काहीही सांगा, ही तिची अट. एक दिवस पाटलाने भांडी सांगितली. तिने ती इथेच घासली आणि कायमची शिखरावर निघून गेली.

"बोलवायला कुणी गेलं नाही?" आत्याने विचारलं.

"गेले की. आली न्हाई."

आत्याने खण-नारळ उचलला आणि चालू लागली. भांडी मी घासली.

माथ्यावर लहानसं देऊळ आणि टोपी उडवणारा वारा. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, पलीकडे हरिश्चंद्रगड. मी बघत राहिलो, तोवर ओटी भरून आत्या दाराशी मांडी घालून बसली.

"दामू, तू जा. मी इथेच राहते."

"अगं, खाशील काय?"

"ती काय खाते?"

माझी पाचावर धारण बसली. नानांना काय सांगू? आणि खरं सांगतो, तिच्याशिवाय ते घर मला घर वाटलंच नसतं. शेवटी भंडारा उचलून शपथ घेतली, केर-भांडी तिला कुणी सांगणार नाही.

"नानासुद्धा?"

"नानासुद्धा," मी चाचरत म्हणालो.

"मग चल, ऊन कलतंय."

घरी आल्यावर नानांना सगळं सांगितलं. ते उठून ओसरीवर गेले. प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर बुटाने सोललेली टाच आणि परसातली ही राख-भांडी. जेवणं झाल्यावर मी घासायला बसलो, तर शेजारी कुंपणावरून हसायला हजर. तेवढ्यात नाना आले. मी भांडणाच्या तयारीने मान वर केली. त्यांनी स्वतःचं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि माजघराकडे बोट दाखवलं. आत्या झोपली होती. दुपारची झोपलेली मी तिला जन्मात पाहिली नव्हती.

"हळू घास," नाना म्हणाले, "तिला जाग येईल."