पृथ्वी जास्त ओढते

अख्ख्या नगर जिल्ह्यात गुरुत्वाकर्षणाशी उघड वैर धरून बसलेला माणूस एकच होता, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहुरीच्या पलीकडे एका साखर कारखान्यावर ते वजनकाट्याचे कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन वाचायचं, चिठ्ठी फाडायची आणि पुढच्या बैलांना यायला सांगायचं, एवढंच काम. राहिलेला सगळा वेळ ते विज्ञानकथा वाचत. दिवाळी अंकातल्या तर वाचतच, पण नगरच्या लष्करी छावणीतून रद्दीत आलेली, मुखपृष्ठावर हिरवी माणसं असलेली इंग्रजी पुस्तकंही पोत्यानं घरी आणत. आणि मी? मी तालमीतला माणूस. सकाळी शंभर जोर, दोनशे बैठका, संध्याकाळी हुतुतू. पहिल्याच दिवाळसणाला मी त्यांच्या पोटाकडे बघून म्हणालो, "साडूभाऊ, जरा व्यायाम करत जा हो." त्यांनी अनारसा तोंडात टाकला आणि शांतपणे उत्तर दिलं, "मी जाड नाही. पृथ्वी जास्त ओढते."

हा त्यांचा सिद्धान्त होता. वजन माणसाचं नसतं, जागेचं असतं. जागा बदला, वजन बदलतं. त्यासाठी घाम कशाला गाळायचा? तेव्हा माणसं चंद्रावर जाऊन येत होती, रेडिओवर बातम्या लागत होत्या, त्यामुळे जागा बदलणं ही काही आता फार लांबची गोष्ट नाही अशी साडूंची खात्री होती. काट्यावर बसून ते प्रत्येक गाडीचं दोनदा वजन करत, एकदा इथलं आणि एकदा मनातल्या मनात तिथलं. एकदा मनातलं तोंडावर आलं. गाडीवानानं विचारलं, "सायेब, किती भरली?" साडू तंद्रीत म्हणाले, "इथं अडीच टन. चंद्रावर चारशे किलो." गाडीवान गाडीवरून खालीच उतरला. "आवो, आमाला न इचारता काटा कवा हलवला? काल तर हितंच जोखत हुता की!" ही बातमी रांगेतून मागे जात जात शेवटच्या गाडीपर्यंत पोचली आणि तासभर कुणी गाडी पुढे घेईना. शेवटी शेतकी अधिकाऱ्यांनी येऊन सगळ्यांना हात जोडून सांगितलं की काटा जागेवरच आहे. साडूंना मात्र त्यातल्या एकाही गोष्टीची लाज वाटली नाही. उलट ते मला म्हणाले, "बघा, लोकांना कल्पना पटते. फक्त त्यांचा काट्यावर विश्वास नाही."

व्यायाम त्यांना सोसत नसे असं नाही, त्यांना तो पटतच नसे. सव्वीस जानेवारीला कारखान्यावर रस्सीखेच असे. एका वर्षी साडूंचा देह बघून त्यांना सगळ्यात शेवटी, कमरेला दोर गुंडाळून उभं केलं होतं. दोन्ही बाजू तोडीस तोड, कुणी हलेना, आणि ऐन रंगात साडूंनी कमरेचा वेढा सोडवला आणि बाजूला होऊन चष्मा पुसायला लागले. पुढचे दहा गडी एकमेकांच्या अंगावर तोंडघशी! "दोन्हीकडचं बळ सारखंच होतं," त्यांनी खुलासा केला, "मग निकाल काय लागणार? म्हटलं, उगाच सगळ्यांचा वेळ जातोय." पळताना तर मी त्यांना जन्मात एकदाच पाहिलं. त्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा एसटीच्या टपावरून उतरवायचा राहिला आणि गाडी श्रीरामपूरकडे निघाली. साडू स्टँडपासून थेट जकातनाक्यापर्यंत धोतराचा सोगा दातांत धरून धावले आणि गाडी थांबवून गठ्ठा घेऊन आले. मी टाळ्या वाजवल्या, तर धापा टाकत म्हणाले, "ह्याला पळणं म्हणू नका. हा पाठलाग होता."

आता गंमत अशी की ह्या माणसाचा बाप पैलवान. साधासुधा नाही, पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये ज्याचं नाव पुकारलं की समोरचा लंगोट सैल करी, असा पैलवान. सगळे त्यांना आबा म्हणत. सत्तरीतही नव्वद-पंच्याण्णव किलोंचा तो देह दारात उभा राहिला की घरात अंधार पडे. आबांची पाठ कधी मातीला लागली नव्हती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. मी गेलो की माझ्या दंडावर थाप मारून म्हणत, "पाव्हणं, तुमीच माझ्या पोटी यायला पायजे हुता. आमचं हे येडं, पाय मातीत आन् ध्यान आभाळात." साडू आतून ऐकत असत. पुस्तकाचं पान मात्र त्या वेळी उलटत नसे, हे मी पाहिलं आहे. आबांच्या त्या शाबासकीनं मी मात्र दरवेळी फुगून घरी यायचो, हेही कबूल करतो.

मग एका श्रावणात आबा गोठ्यापुढच्या शेवाळावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. नगरला दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं, चार महिन्यांनी निघालंही. हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता चाला. आत्ता चालला नाहीत तर पुढे उठणं होणार नाही." घरी आल्यावर आबा खाटेची कड धरून एकदा उभे राहिले, डुलले, आणि मटकन खाली बसले. चहूकडे नजर टाकून त्यांनी विचारलं, "कुनी बघितलं का?" मी आणि साडूंची बायको, ताई, दारातच होतो. आम्ही नाही म्हणालो. पण त्या दिवसापासून आबांनी खाट सोडली नाही. काठी आणली, ती त्यांनी अंगणात फेकली. मी तालमीतली चार पोरं आणून खांदे पुढे केले, तर तोंड भिंतीकडे फिरवलं. दुखण्याला ते भीत नव्हते, पडायला भीत होते. ज्याची पाठ कधी लागली नाही, तो आता स्वतःच्या अंगणात चितपट व्हायला तयार नव्हता. मला फार वाईट वाटलं. माझे सगळे जोर नि बैठका तिथं कुचकामाच्या ठरल्या.

त्यानंतर आठ दिवसांनी साडू नगरला माझ्या दारात उभे. चहा समोर आला तरी उचलेनात. मग म्हणाले, "साडूभाऊ, मला पोहायला शिकवा." माझ्या हातून बशी निसटली. बेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ, ज्यानं आंघोळीचा तांब्यासुद्धा अर्धा भरून घेतलेला मी पाहिला होता! त्यांनी वाचलं होतं की चंद्रावर जाणाऱ्या माणसांना आधी पाण्यात चालायचा सराव देतात, कारण पाण्यात अंग हलकं होतं. "आबांना विहिरीत उतरवायचं," ते म्हणाले. "पण धरायला मी असलो पाहिजे. दुसऱ्या कुणाला ते धरू देणार नाहीत. मलाही देणार नाहीत, पण मी मुलगा आहे, मला शिव्या देऊन तरी देतील."

मळ्यातली त्यांची विहीर चांगली ऐसपैस, दगडी पायऱ्यांची. एकेका पायरीवर बैल आडवा उभा राहील एवढी रुंदी. मी आठवड्याची रजा टाकून गेलो. नवशिक्याच्या पाठीला बांधतात तसा रॉकेलचा रिकामा डबा साडूंच्या पाठीला बांधला. ते मागे वळून वळून त्या डब्याकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद! "अगदी अंतराळवीरासारखं दिसतंय ना?" मी म्हटलं, "अगदी," आणि दिलं ढकलून. काय ते बुडणं, काय तो डब्याचा खडखडाट! कारखान्यावरची माणसं पाळी सुटली की विहिरीच्या काठावर येऊन बसायला लागली. पण साडू रोज उतरले. तिसऱ्या दिवशी हात वर होईनात म्हणून ताईंनी त्यांना घास भरवला. "माझ्या अंगात एवढे स्नायू आहेत," ते कण्हत म्हणाले, "हे मला आजवर कुणी कळवलं नव्हतं." सातव्या दिवशी डबा सोडला. ते बुडाले नाहीत.

खरी कुस्ती पुढे होती. साडू खाटेशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आबा, चंद्रावर तुमचं वजन फक्त सोळा किलो भरेल."

"सोळा?" आबा कडाडले. "बोकड हाय व्हय मी?"

तो दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र आबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "आन् त्या सोळा किलोच्या गड्याला कुस्ती करता येती का रं?"

"येते की. आणि पडला तरी लागत नाही."

हळूहळू आबांचं तोंड इकडे फिरलं. "पडला तरी लागत न्हाई?"

चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना विहिरीच्या पायऱ्या उतरवल्या. उचलणाऱ्यांच्या गळ्याला पाणी लागलं तशी साडूंनी खुर्ची काढायला सांगितली आणि बापाच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. आबा उभे राहिले. त्यांचे डोळे मोठे झाले. "आयला," ते पुटपुटले, "लई हलकं लागतंय." एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मग हुकूम सुटला, "सोड."

"आबा, एवढ्यात नको."

"सोड म्हनतो ना! पैलवानाला कुनी धरतं व्हय?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हात सोडले. आबा दोन पावलं चालले, डुलले आणि पाण्यात आडवे झाले. आम्ही काठावर ओरडलो. साडू झेपावले, पण त्यांच्या आधी आबाच मिशा झटकत वर आले आणि पायरीला धरून हसायला लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. "पाठ लागली न्हाई!" ते विहीर दुमदुमेल अशा आवाजात म्हणाले. "बघितलं न्हवं समद्यांनी? पाठ लागली न्हाई!"

मग साडूंच्या अंगात संचारलंच. त्यांनी विहिरीच्या भिंतीवर पायरीपायरीशी तेलरंगानं, वजनाच्या चढत्या क्रमानं, नावं लिहिली. गळाभर पाण्याची पायरी चंद्र, छातीभर पाण्याची मंगळ, गुडघाभर पाण्याची शुक्र आणि सगळ्यात वरची, कोरडी, ती पृथ्वी. आबा रोज सकाळी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चकरा मारत आणि मी रविवारी गेलो की कुणी न विचारता सांगत, "पाव्हणं, आमचा मुक्काम मंगळावं हाय सध्या." शुक्रावर ते महिनाभर अडले. एकदा चिडून खाली चंद्रावर परत गेले आणि दोन दिवस वर यायला तयार होईनात. साडू गळाभर पाण्यात त्यांच्याशेजारी उभे राहून त्यांना विज्ञानकथा सांगत बसले, आणि आबा मधूनमधून विचारत, "त्या हिरव्या मानसांत तालीम असती का?" साडू म्हणत, "असते, पण त्यांना चार हात असतात." आबा विचारात पडत. चार हातांच्या गड्याला कुठला डाव लावायचा, ह्यावर एकदा बापलेकांचं चक्क भांडण झालं. इतक्या वर्षांत ते एकाच गोष्टीवर प्रथमच बोलत होते.

फाल्गुनात एके सकाळी आबा शुक्रावरून उठले, एकट्यानं पृथ्वीवर चढले, बांधावरून चालत थेट कारखान्यावर गेले आणि बैलगाड्यांच्या रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर काट्यावर चढून म्हणाले, "जोख लेका." साडूंनी काटा बघितला का, देव जाणे. त्यांचा चष्मा तेव्हा डोळ्यांवर नव्हता, ते तो पुसत होते. स्वतः साडूही एव्हाना चांगले उतरले होते, आणि त्याचा त्यांना मनापासून राग आला होता. "अहो, नऊ किलो कमी भरलो," ते मला तक्रारीच्या सुरात म्हणाले, "आणि ग्रह तर तोच!"

पुढच्या दोन वर्षांत पाऊस रुसला. विहिरीचं पाणी शुक्र सोडून मंगळावर, मग मंगळ सोडून चंद्रावर आणि शेवटी चंद्राच्याही खाली गेलं. त्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा आबा कोरड्या पायऱ्या उतरून चंद्रावर उभे होते. काठी नव्हती, कुणाचा हातही नव्हता. त्यांच्या पायांखाली आणखी चार-पाच पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, काळ्याभोर, ज्या आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"चंद्राच्या खाली काय रं?" आबांनी वर काठावर उभ्या साडूंना विचारलं.

"त्याच्या खाली नुसतं अंतराळ," साडू म्हणाले. "तिथं वजनच नसतं, आबा."

आबा थोडा वेळ खाली बघत राहिले. "मंग तितं धरायला कुनी लागनार न्हाई," ते म्हणाले. "माझा मी जाईन. तू वरच थांब."

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पाऊस आला, विहीर भरली, भिंतीवरची अक्षरं आता आम्हा दोघांनाच काय ती वाचता येतात. साडूंना व्यायाम अजूनही पटत नाही, तसं ते कुणालाही ठणकावून सांगतात. फक्त रोज सकाळी ते विहिरीत उतरतात आणि गळाभर पाण्यात जरा वेळ उभे राहतात. गेल्या खेपेला मीही उतरलो. अलीकडे माझेही गुडघे कुरकुरतात. आम्ही दोघं चंद्रावर शेजारी शेजारी उभे होतो. खालच्या पायऱ्या पाण्यात दिसत नव्हत्या.

"हलकं वाटतं ना?" साडूंनी विचारलं.

मी हो म्हणालो, आणि त्यांचा हात धरला.