पुस्तकांच्या गाडीचा पुढचा पाय

श्रमाच्या प्रतिष्ठेवर टाळ्या वाजवणाऱ्या तुम्ही एखाद्या वेल्डरचं म्हणणं मध्ये न बोलता शेवटचं कधी ऐकलंत? बावीस वर्षांची होईपर्यंत मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

आमच्या घरात पलंगाखालीसुद्धा कष्टकऱ्यांच्या हक्कांवरच्या पुस्तिकांचे गठ्ठे असत. वडील शिक्षक. शाळा सुटली की ते आणि मी लातुरात क्लासेसच्या गल्लीत पुस्तकांची गाडी लावायचो. ही गाडी म्हणजे जीपमागे ओढायची दोन चाकांची खोली. भूकंपानंतर डॉक्टर मंडळी तिच्यातून गावोगाव फिरली होती; पुढे ती भंगारात निघाली तेव्हा वडिलांनी घेतली. जीप शेजाऱ्यांची. जीप गाडी सोडून निघून जायची आणि गाडी पुढच्या एका जॅकवर, म्हणजे खाली-वर होणाऱ्या लोखंडी पायावर, उभी राहायची.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या सकाळी तो जॅक मोडला. दुसऱ्या दिवशी नांदेडला दुकान लागायचं होतं. आमची वर्षाची निम्मी पुस्तकं त्या एका दिवशी लोकांच्या हाती जात. बाजारात मिळाला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक, आणि त्याची नळी गाडीच्या जुन्या भोकात जाईना.

रिंग रोडवरच्या वेल्डरला मी म्हणाले, भोक गॅसने मोठं करा. तो नको म्हणाला. तिथलं लोखंड आधीच अरुंद, आणखी कापलं तर बोल्टजवळ काही उरणार नाही; वरून नवी जाड प्लेट जोडू. त्याचं बोलणं तोडत मी तीनदा सांगितलं की घाई आहे, आणि कामगारांच्या वेळेच्या मोलावर बरंच काही ऐकवलं. त्याने गाडीत डोकावून पाहिलं. ठिणग्यांच्या भीतीने आम्ही सगळी पुस्तकं घरी उतरवून आलो होतो.

"पुस्तकं भरून आना."

"पेटली म्हणजे?" वडील म्हणाले.

"रिकामी गाडी उंच ऱ्हाती, गुरुजी. भरल्यावर दबंल, अन् जॅकचा पाय नांदेडपस्तोर डांबर घासत जाईल. एखादं चोपडं जळलंच तर ताईला पाठ हाय की सगळं. मघापासून तेच ऐकून राहिलो."

वडील हसले. मला हसू आलं नाही.

पुस्तकं भरली, तर गाडी खरंच चार बोटं खाली बसली. त्याने स्वतःची गोणपाटं भिजवून गठ्ठ्यांवर पसरली आणि मग त्या उंचीला खूण केली. प्लेट कापली, नवं भोक पाडलं, खालून दोन आधार जोडले. जॅक फिरवायचा दांडा पुस्तकं मांडायच्या खिडकीच्या फळीला अडला असता, म्हणून जॅक जरा तिरका फिरवून बोल्ट आवळले. हे मला सुचलंही नसतं. भूकंपानंतर पत्र्याची घरं उभारताना तो हे काम शिकला होता.

नांदेडात जीप निघून गेली. दिवसभर लोक पायरीवर चढत-उतरत राहिले, गाडी डुगडुगली नाही. एकही पान जळालं नव्हतं. त्याचं एक गोणपाट चुकून आमच्यासोबत आलं होतं. ते परत द्यायला गेले तेव्हा मी पहिल्यांदा त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

या जयंतीला नांदेडला आलात, तर पुस्तक घ्या किंवा नका घेऊ. आधी गाडीच्या तोंडाशी वाकून ती प्लेट पाहा. मग तुमच्या गावातल्या अशाच कुणाकडे जा, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत तोंड उघडू नका.