मनगटावर बसलेला चेंडू

समोरच्या संघाने आमच्या लाडक्या बेसबॉल संघाला फसवलं होतं. अख्खा मोसम आमचा कॅचर चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांनी ज्या खुणा करायचा, त्या ते कॅमेऱ्यातून चोरत होते, त्यामुळे पुढचा चेंडू कसा येणार हे त्यांच्या फलंदाजाला आधीच कळायचं. चोरी उघडकीला आली, तरी लीगने एकाही खेळाडूला शिक्षा केली नाही.

काल आयसेलिन गावातल्या माझ्या दुकानात चामड्याच्या पर्सेसचं खोकं उघडलं आणि त्या वासासरशी मला पुढच्या मोसमातली एक दुपार आठवली. स्टेडियममध्ये शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर जुना ग्लोव्ह होता. उन्हाने तापून त्याला असाच वास येत होता. आमच्या पिचरने मुद्दाम त्याच फसव्या संघाच्या फलंदाजाच्या अंगावर चेंडू फेकला. बेसबॉलमध्ये हिशेब चुकता करायची ही जुनी रीत. चेंडू मनगटावर बसल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. मी उभा राहून ओरडलो, "भोग आता."

"बाबा, सिट डाउन," माझी मुलगी म्हणाली. "तो याच वर्षी टीममध्ये आलाय. ही वॉजन्ट इव्हन देअर."

"शर्ट तर त्यांचाच घातलाय ना?"

"मग सप्लायरने तुला फसवलं, तर तू त्याच्या नव्या ड्रायव्हरला मारशील?"

मी खाली बसलो, पण चुकलो म्हणालो नाही. आज म्हणतो. घासाघिशीत मी कुणाला सोडत नाही, पण कॉलर धरतो ती फसवणाऱ्याचीच. त्या दिवशी खुणा चोरणारे बाकावर आरामात सूर्यफुलाच्या बिया चघळत होते, आणि तो नवा खेळाडू मनगट छातीशी धरून आत गेला. त्या मोसमात तो पुन्हा खेळला नाही. चोरांना मोकळं सोडणाऱ्या लीगच्या साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून याचा जबाब द्यावा.