अक्काचा दुसरा आवाज

परभणीच्या दवाखान्यातून अक्का गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी पूर्णा जंक्शनवर डबे धूत होतो. कुणा प्रवाशानं सीटवर टाकलेला इंग्रजी पेपर नुकताच घडी करून खिशात ठेवला होता... मग लक्षात आलं, आता कुणासाठी न्यायचा? आठवडाभरानं विद्यापीठाचं नाव बदललं. तेवढ्या एका आठवड्यानं ते बघायचं तिचं राहून गेलं.

अक्का माझी थोरली बहीण. सोनपेठकडच्या आमच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी तिला कुणी शिकवलं नाही. मी नेलेले शिळे पेपर ती आठवडाभर वाचायची. न कळलेल्या शब्दाखाली काजळानं रेघ ओढायची आणि तोच शब्द पुन्हा कुठं भेटतो का याची वाट बघायची. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या, की भाकरी थापता थापता ती निवेदिकेच्या एक शब्द मागून बोलत राहायची. तेव्हा तिची पापणी हलायची नाही, आणि आवाज... तो तिचा नसायचा. कुणा परक्या, थंड बाईचा असायचा. आई चुलीपासून दूर सरकायची. "पोरीच्या अंगात कोण बोलायलंय रे दिगू?" एकदा मधेच सेल संपून रेडिओ बंद पडला, तरी अक्का थांबली नाही. बराच वेळ बातम्या देत राहिली. कुठल्या, ते नंतर तिलाही सांगता आलं नाही.

पंधराएक वर्षांआधी, विद्यापीठाच्या त्याच नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जळाली. मी पूर्णेला होतो. घरात आई आणि अक्का. दोघी वाचल्या. तिसऱ्या दिवशी मी गावात पोचलो, तर एक परप्रांतातला साहेब जबाब घ्यायला आलेला. शाळेचं पटांगण, भोवती सारं गाव. साहेबाला मराठी येईना, म्हणून एक कारकून मधे बसून सांगत होता. आई रडत म्हणाली, "घराला आग लावली, सायेब." कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं आणि अक्का उठली.

"मायनं 'लावली' म्हणलं. तुमी 'लागली' सांगितलं."

मग साहेबाकडे वळून ती इंग्रजीत बोलू लागली. त्याच आवाजात. रडणं नाही, थरथर नाही. कोण कुठल्या बोळातून आलं, कुणाच्या हातात काय होतं... आम्हाला मधूनमधून फक्त नावं कळत होती. ज्याचं नाव येई, तो मान खाली घाली.

पुढे आम्ही तिघं पूर्णेलाच राहिलो. त्या दिवसाबद्दल ती मराठीत कधीच बोलू शकली नाही. तोंड उघडायची, शब्द यायचा नाही. आईला विचारलं, की ती नुसती रडायची. शेवटी तिच्या जबाबाची नक्कल मी शब्दकोश घेऊन ओळ ओळ लावत वाचली, तेव्हा कुठं माझ्याच घरात काय घडलं ते मला कळलं.

गेल्या आठवड्यात गावचा गणपत दारात आला. तेव्हाचा तगडा गडी, आता काठीवर. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुझ्या बहिणीनं सायबाला माझं नाव सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्होरं काय म्हणली, ते कळलं न्हाई. मला कुणी धरलं न्हाई, इचारलं न्हाई. पर तो आवाज... आजबी दुपारी रानात ऐकू येतोय. माझं नाव येतंय, अन् म्होरं सगळं इंग्रजी. काय म्हणली रे ती?"

ती ओळ मला पाठ होती. "दाराची बाहेरची कडी गणपतनं काढली, म्हणून आम्ही जिवंत आहोत... असं म्हणली."

त्यानं हात पुढं करून माझ्या दाराची कडी चाचपली.

"लावली बी मीच होती," म्हणाला, आणि काठी टेकत निघून गेला.