ओट्यावरचे नरसाळे

पॅसेंजर सकाळी पावणेआठला वर्ध्याला पोचली. स्टेशनाबाहेर दमणी (दोघांपुरती हलकी बैलगाडी) उभी होती. ती पाटलांनी पाठवली होती. ते आमच्या दवाखान्याचे अध्यक्ष. लोकवर्गणीतून चालणाऱ्या या खेड्यातल्या दवाखान्याच्या मंडळावर मी दोन वर्षे आहे. त्या दिवशी नर्सबाईंना काढण्याचा ठराव होता. तक्रार एकच : बाई जागेवर नसतात. पाच सभासदांपैकी दोघे एकीकडे, दोघे दुसरीकडे. पाचवे मत माझे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटली होती. गाडीवान म्हणाला, "दवाखाना पाह्यले चालले, साहेब? तो का घरी सापडते? पायानं हिंडून राह्यला तो."

दवाखाना पाटलांच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. दाराला कुलूप होते. उंच ओट्याच्या खांबाला लांब नळीचे पत्र्याचे नरसाळे टांगलेले होते. चहा-चिवडा आला.

"आपल्या डोयानं पाहा," पाटील म्हणाले. "मी काई बोलत नाई. कुलूप बोलून राह्यलं."

मी येणार हे बाईंना कळवले होते का, असे विचारताच त्यांनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. पाय मोकळे करायला मी उठलो.

"नाल्यापलीकडं काऊन जाता? चिखल आहे तिकडं."

नाला कोरडा होता.

पलीकडे बौद्धांची वस्ती. बाजाराचा दिवस, त्यामुळे कापसाची वेचणी बंद होती. लिंबाखाली बाजेवर औषधांची पेटी उघडून नर्सबाई एकीच्या पायाला पट्टी बांधत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर एक म्हातारी पुढे झाली.

"काऊन काढता आमच्या बाईले?"

"तुम्ही दवाखान्यात का जात नाही?"

"जात होतो ना. ओट्याखाली बाटली धरून उभं राह्याचं. आधीचा कंपाउंडर वरून नरसाळ्यातून औषध सोडे. शिवाशिव नको म्हणून नळी लांब. गळू झालं तं तेबी नळीतूनच पाहे मेला!" बायका हसल्या. म्हातारी हसली नाही. "दीक्षा घेतली अन् ठरवलं. आता खाली उभं राह्याचं नाई."

"मी यांना वर बोलावलं," बाई पट्टीची गाठ मारत म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पाटलांनी खोलीला कुलूप घातलं. पेटी तेवढी माझ्याजवळ होती."

दुपारी ठराव मांडला गेला. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, एवढेच मी विचारले. पाटलांचा हात बंडीच्या खिशावर गेला. ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पडला. पाटलांनी तिथल्या तिथे खोली परत मागितली. बाई राहिल्या, दवाखान्याला छप्पर उरले नाही. परतीला दमणीही नव्हती. मोटारीच्या रस्त्यापर्यंत मी चालत गेलो.

नागपूरच्या गाडीत मी माझा गेल्या वर्षीचा तपासणी अहवाल काढला. तो त्याच ओट्यावर बसून, तोच चहा पिऊन लिहिलेला होता. 'दवाखाना सर्वांस खुला आहे,' असे त्यात आहे. खाली सामानाची यादी, माझ्याच अक्षरात : टेबल एक. कात्र्या दोन. पत्र्याचे नरसाळे, लांब नळीचे, एक. स्थिती उत्तम.