ट्रंकेवर बसलेली मुलगी

मुलांनो, हल्ली शेजारची लहान मुले तुम्हा दोघांवर सोपवून मोठी माणसे बाहेर जातात, असे तुमची आई फोनवर सांगत होती. म्हणून हे आताच लिहिते.

निवृत्तीनंतर मी गोंदिया जिल्ह्यात दरेकशाच्या अलीकडे मुलींच्या एका वसतिगृहात इंग्रजी शिकवायला जात असे. तिथे प्रत्येक मोठ्या मुलीकडे एक लहान मुलगी सोपवलेली असे. आंघोळ, वेणी, रात्रीची सोबत, सगळे ती ताई बघायची. कुंपण, फाटक, चौकीदार हा बंदोबस्त बाहेरच्या पुरुषांसाठी होता.

एका लहानगीने सुटीत आईला सांगितले, ताई नको तसा हात लावते आणि गप्प राहा म्हणते. ताई तेरा वर्षांची.

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "पोरीपोरींत काय होते जी? उगाच बोंबलून राहिले." दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "हाकला तिले!" यापलीकडे कोणालाच काही सुचत नव्हते.

अधीक्षिकांनी बालकल्याण समितीला कळवले. समितीबरोबर, लहानांशी असे वागणाऱ्या मुलींवर संशोधन करणारी एक तरुण बाई आली. तिला तिथली झाडीबोली समजेना, म्हणून मी दुभाषी झाले. ती म्हणाली, "मुलगी असं वागली तर लोक आधी मानतच नाहीत. मानलं की तिला माणसातून उठवतात. तिच्यावर काय गुदरलं, हे विचारायचं राहूनच जातं."

तोवर ताईला न्यायला तिची आजी येऊन बसली होती. ट्रंक भरलेली. संशोधक बाईंनी विचारले, घरी कोण असते? मी तेच आजीला विचारले.

"मी, अन् इचा मामा."

ताई ट्रंकेवर बसली. "मी नाही येत."

"काऊन नाही येत वं?" आजीने विचारले.

मामाचे नाव निघताच ताईने दोन्ही हातांनी ट्रंकेची कडी धरली होती. आजी त्या हातांकडे पाहत राहिली, मग मला म्हणाली, "बाई, इले घरी नोका पाठवू. मी पाहतो त्याले."

लहानगीची आई संतापली. "तिचे लाड अन् माझ्या पोरीचं काय?" तिचा राग रास्त होता. दोघींना एका छपराखाली ठेवणे शक्यच नव्हते. समितीने ताईला गोंदियाच्या बालगृहात हलवले, तिथे समुपदेशक तिला भेटत राहिल्या; मामाबद्दल तिने पुढे त्यांना सांगितले. लहानगीसाठीही एक समुपदेशक बाई दर आठवड्याला येत. मामावर गुन्हा दाखल झाला, साक्ष आजीने दिली.

वसतिगृहातल्या जोड्या मोडल्या. वेण्या आता व्हरांड्यात, सगळ्यांसमोर घालतात. दोघींचीही शाळा सुरू आहे.