काळीभोर करडं, गोरेपणाच्या गोळ्या

हरणाबाईंच्या दावणीला सगळ्या उस्मानाबादी शेळ्या. शेळी व्यायली की करडाच्या अंगावर पांढरा ठिपका नाही ना, हे त्या आधी बघायच्या. निखळ काळं निघालं की नळदुर्गभर सांगत सुटायच्या. तोच रंग पोटच्या लेकीला आला तर मात्र बाईंचं तोंड उतरलं. नाव ठेवलं वर्षाराणी, हाक मारली 'काळे'. मायेनंच मारली, पण मारली. वर डाळीच्या पिठानं पोरीची कातडी सोलवटेपर्यंत घासली. आता ते आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटते.

वर्षाराणी शिकली, उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्स झाली. लग्न ठरलं आणि तिच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट सापडलं. हरणाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. पोरीला काही रोग तर नाही? पाकीट घेऊन त्या गावातल्या डॉक्टरीणबाईंपुढं उभ्या राहिल्या.

"रोगाचं नाही, मावशी. हे ग्लुटाथायोन. आपलं शरीर ते स्वतःच बनवतं. पेशींची झीज होऊ नये म्हणून ते आत राबत असतं."

"मंग वरनं कशापायी खायाचं?"

"काही आजारांत आम्ही देतो. पण बरेच जण गोरं व्हायला घेतात. त्याचा भरवसा नाही, आणि त्यासाठी सुया टोचून घेणं तर धोक्याचंच."

घरी येताच हरणाबाई म्हणाल्या, "टाकून दे त्या गोळ्या. हायेस तशीच लई ग्वाड हायेस तू."

"हे आधी सांगायचं व्हतं, आय. आता खरं वाटत न्हाय."

पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. त्या दिवसापासून बाई तिला 'राणी' म्हणू लागल्या. पण जित्याची खोड, दहादा 'काळे' ओठांवर यायचं आणि गिळावं लागायचं.

लग्नानंतर वर्षाराणीला दिवस गेले, तेव्हा तिनं गोळ्या आपणहून बंद केल्या. सुटले बाई, असं हरणाबाईंना वाटलं.

बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली. पुसून, गुंडाळून दवाखान्यातल्या नर्सनं बाळ आजीच्या हातात दिलं. टपोरे डोळे, काळीसावळी कांती, कुरळं जावळ. बाईंचा ऊर भरून आला. जन्मभर जे बोलायचं राहिलं, ते आता बोलून टाकावं म्हणून त्या खाटेवर वाकल्या.

"राणी, अगदी तुझ्यावानी हाय गं!"

वर्षाराणीनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि ती हमसून हमसून रडू लागली.